पाच बुरुजांचा झेंडा

आमच्या सोसायटीत परदेशी जाऊन आलेल्या माणसाला विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. थंडी कशी होती, जेवणाचे हाल झाले का आणि आयफेल टॉवर पाहिला का. मी पोर्तुगालला जाऊन आले असं स्वच्छ सांगितलं, तरी चौथ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंनी आयफेल टॉवर विचारलाच. नाही पाहिला म्हटल्यावर त्यांना माझी कीव आली. मग एवढ्या लांब जाऊन पाहिलंत तरी काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एक झेंडा पाहिला. त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या आणि लिफ्टमध्ये शिरल्या.

निघण्याआधी घरातही हाच सूर होता. आमच्या यजमानांनी गुडघ्यांचं कारण सांगून प्रवासातून अंग काढून घेतलं आणि वर मलाच ऐकवलं, “झेंडा बघायला एवढ्या लांब कशाला? पंधरा ऑगस्टला खाली गेटपाशी फडकतो. वर चहा-बिस्किटंही मिळतात.”

लिफ्टमध्ये सांगता येण्याजोगी ही गोष्ट नाही, म्हणून लिहून काढते आहे. अझोर्स नावाची पोर्तुगालची नऊ बेटं अटलांटिक महासागराच्या ऐन मध्यावर आहेत. त्यातल्या एका बेटावरच्या एका लहान गावात मी तीन दिवस राहिले. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. माझ्यामुळे त्याची एकदा शोभा होऊन गेली आहे, पुन्हा नको. त्या गावाच्या झेंड्यापायी पुण्यातल्या एका मुलीची नोकरी गेली. खरं तर जायला हवी होती ती माझी. त्या झेंड्याचं पुढे काय झालं, हे मला मरण्याआधी बघायचं होतं.

आधी सदाशिव पेठ

मी कोथरूडची, पण माझी उमेदीची अकरा वर्षं सदाशिव पेठेतल्या एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर गेली. तिथे शरदराव नावाच्या गृहस्थांचं भरतकामाचं वर्कशॉप होतं. आधी शाळांचे बॅज, गणपती मंडळांची निशाणं, बँडवाल्यांच्या कोटांवरची नक्षी अशी कामं यायची. मग देशाची दारं उघडली, जो तो कॉम्प्युटरबद्दल बोलू लागला आणि शरदरावांनीही दोन कॉम्प्युटर आणून ठेवले. परदेशातून चित्र यायचं, ते आम्ही कॉम्प्युटरवर टाक्यांमध्ये उतरवायचो. कुठे कोणता टाका, तो कोणत्या दिशेने, कोणता रंग आधी, हे सगळं ठरवून ती फाइल परत पाठवायची. तिकडचं मशीन ती फाइल वाचून भरतकाम करायचं. आमच्या धंद्यात याला पंचिंग म्हणतात.

मी शिवणकामाचा डिप्लोमा केलेली बाई. माउस पहिल्यांदा हातात घेतला तो पदराने पुसून. पण टाका मला कळत होता आणि कॉम्प्युटर शिकलेल्या पोरांना तो कळत नव्हता, म्हणून माझं निभावलं. मोडेमची किरकिर सुरू झाली की शरदराव सगळ्यांना गप्प बसवायचे. आमच्या बोलण्याने लाइन तुटेल अशी त्यांना धास्ती होती. खोलीत पंखा एकच, तोही त्यांच्याकडे तोंड करून. तरी ते दिवस आठवले की अजून गलबलून येतं. सकाळी स्कॉटलंडच्या कुठल्याशा क्लबाचा बॅज करायचा, दुपारी ब्राझीलच्या शाळेचा, आणि मध्ये खाली उतरून भेळ खायची. आमची मुलगी मुक्ता आता खराडीच्या काचेच्या इमारतीत बसून अर्ध्या जगाशी बोलते, आणि तिला त्याचं काही वाटत नाही. आम्हाला फार वाटायचं.

शैला वानखडे माझ्या शेजारच्या कॉम्प्युटरवर बसायची. ती अकोल्याची. वडील पोस्टात होते, आजोबा छप्पन साली दीक्षा घ्यायला नागपूरला गेलेले. ती पेठेतच चौघींच्या खोलीत राहायची. माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान, पण कामात माझी मास्तरीण. रेघ अर्धा मिलिमीटर सरकली तरी तिला दिसायची, आणि दिसली की ती बोलायची. मला तिचा राग यायचा आणि तिच्यावाचून करमायचंही नाही.

एका पोर्तुगीज कंपनीकडून त्या गावाच्या झेंड्याचं काम आलं. सपाट पिवळं कापड आणि मधोमध नगरपालिकेचं चिन्ह. निळ्या ढालीवर काळा डोंगर, त्यावर पंख पसरलेला ससाणा, खाली तीन पांढऱ्या लाटा. ढालीच्या वर दगडी तटाचा चंदेरी मुकुट होता आणि त्या मुकुटाला चार बुरूज होते.

ते चार बुरूज मला खटकले. दोन डावीकडे, दोन उजवीकडे, आणि ऐन मध्यात मोकळी जागा. चित्र फॅक्सने आलेलं, जागोजागी पुसट. मला वाटलं, मधला बुरूज छपाईत उडाला असणार. आणि समजा नसेल उडाला, तरी सम आकडा मुकुटावर कोण ठेवतो? आपण ओटीत फळं पाच घालतो, सवाष्णी पाच बोलावतो, आहेराच्या पाकिटातसुद्धा वर एक रुपया चिकटवतो. शैला म्हणाली की चित्रात आहे तसं करा, नाहीतर विचारून घ्या. विचारायचं म्हणजे ई-मेल, दोन दिवस, शरदरावांची कटकट. मी मध्ये एक बुरूज घातला, बाकीच्यांपेक्षा किंचित उंच. फार शोभून दिसला. फाइल गेली.

तीन आठवड्यांनी तक्रार आली. त्यांच्या देशात मुकुटावर पाच बुरूज फक्त शहराच्या झेंड्यावर असतात. लहान गावाला चारच. आम्ही त्या गावाला न विचारता शहर करून टाकलं होतं, आणि तो झेंडा त्यांनी ऐन उत्सवात चढवला होता.

शरदराव कागद घेऊन आमच्या मधे उभे राहिले आणि हे कोणी केलं म्हणून विचारलं. त्याच आठवड्यात यजमानांच्या पिंपरीच्या कारखान्याने त्यांना व्हीआरएस देऊन घरी पाठवलं होतं आणि मुक्ता नववीत होती. शैलाला हे सगळं ठाऊक होतं. माझ्या तोंडून शब्द फुटेना. शैलाने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “माझ्याकडून झालं, सर.”

शरदरावांनी चटकन विश्वास ठेवला. मी पेंडसे आणि ती वानखडे. इतका चटकन का ठेवला हे मला तेव्हाही कळलं होतं, आणि त्याचा मी फायदा घेतला. हे असं लिहायला मला एकवीस वर्षं लागली. तिला नोकरी सोडायला शनिवारपर्यंतची मुदत मिळाली. त्या चार दिवसांत तिने झेंड्याची संपूर्ण फाइल पहिल्यापासून नव्याने केली, बरोबर चार बुरुजांची, आणि शनिवारी ती गेली.

पुढे ती अकोल्याला परतली. हल्ली तिथे तिचं स्वतःचं युनिफॉर्म आणि बॅजचं दुकान आहे, हे मला जुन्या सहकाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटावरून कळतं. दर दिवाळीला ती गटात शुभेच्छा टाकते. मी हात जोडल्याचं चित्र टाकते.

लिस्बन

कंपनीने मुक्ताला आठ महिन्यांसाठी लिस्बनला पाठवलं, तेव्हा मी तिला त्या गावाचं नाव सांगितलं. आमच्या ऑफिसने एकदा त्यांचा झेंडा केला होता, एवढंच म्हटलं. तिने मोबाइलवर शोधलं आणि म्हणाली की लिस्बनहून विमानाने अडीच तास, ये तू.

लिस्बनबद्दल मी फार लिहीत नाही. तिथे बरेच लोक जाऊन आलेले आहेत. चढ पर्वतीचे, ट्राम पिवळी, कॉफी कडू. मी चिवडा नेला होता तो विमानतळावर एका अधिकाऱ्याने पिशवी उघडून हुंगला आणि काही न बोलता परत दिला. मुक्ताच्या खोलीत मी चार दिवस पोहे केले. तिच्या बरोबरीच्या पोरांनी ते पातेलं पुसून खाल्लं.

बेट, पहिला दिवस

विमान ढगांतून खाली आलं तेव्हा आधी काहीच दिसेना आणि मग एकदम हिरवं दिसलं. इतकं हिरवं मी श्रावणात मुळशीला पाहिलं आहे, पण तिथे भात असतो, इथे सगळं गवत. गवताच्या तुकड्यांना काळ्या दगडांच्या कमरेएवढ्या भिंती, आणि भिंतींवर निळ्या हायड्रेंजियाची फुलं नुकती उमलायला लागलेली. दगड जवळून पाहिला तर आपला सह्याद्रीचाच, भोकाभोकांचा. ज्वालामुखीचा दगड बघायला सात समुद्र ओलांडून आले आणि तो घराजवळचाच निघाला.

गावात एक चर्च, एक चौक, एक बंदर आणि गाईच गाई. टॅक्सी दोनदा थांबली, दोन्ही वेळा गाईंसाठी. ड्रायव्हर हॉर्न वाजवत नाही, इंजिन बंद करून बसून राहतो. पुण्याच्या माणसाला हे बघवत नाही. मी दोनदा म्हटलं की वाजवा ना, आणि मुक्ताने दोनदा मला गप्प केलं.

आम्ही दोना लुर्देस नावाच्या बाईंकडे उतरलो. सत्तरीच्या, विधवा, बुटक्या, सतत कामात. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि मला पोर्तुगीज, त्यामुळे आमचं छान जमलं. मी मराठीत बोलायचे, त्या त्यांच्या भाषेत, आणि भांडी जागच्या जागी जायची. मुक्ता कशाला मध्ये पडत होती कोण जाणे.

संध्याकाळी चौकात गेलो. नगरपालिकेची इमारत दुमजली, पांढरी, कडांना काळा दगड. गच्चीवर काठी, आणि काठीवर झेंडा. पिवळा. वारा असा की झेंडा एक क्षण सरळ राहीना. मी मान वर करून इतका वेळ उभी राहिले की मुक्ताने विचारलं, “आई, बरं वाटतंय ना?” बरं वाटत नव्हतं.  एवढ्या उंचीवर बुरूज मोजता येत नव्हते.

दुसरा दिवस

रविवारी नगरपालिका बंद. दोना लुर्देस आम्हाला जेवायला घेऊन गेल्या, पण घरी नाही, गावात. त्या दिवशी त्यांचा पवित्र आत्म्याचा सण होता. चर्चमधून चांदीचा मुकुट मिरवत आणतात, एका लहान मुलीच्या डोक्यावर ठेवतात आणि मग लांबलचक टेबलांवर सगळ्या गावाला जेवू घालतात. कोण कुठला विचारत नाहीत. बसा आणि जेवा. आपल्याकडच्या भंडाऱ्यासारखं. फक्त इथे पंगतीत वाइनही फिरते.

मुख्य पदार्थ म्हणजे पावावर ओतलेलं गरम सार, वर पुदिना. वास इतका सुरेख की मी चमचा उचलला, तेवढ्यात मुक्ताने मनगट धरलं. सार गाईच्या मटणाचं होतं. मी ताट पुढे सरकवलं आणि लगेच मलाच वाईट वाटलं, कारण वाढणाऱ्या बाईचा चेहरा उतरला. मुक्ताने काहीतरी समजावलं. ती बाई गेली आणि गोड पाव, चीज आणि एक आख्खा अननस घेऊन आली, आणि मी खाईपर्यंत समोर उभी राहिली. आग्रहाच्या बाबतीत आपण एकटेच पुढे आहोत अशी माझी समजूत होती, ती तिथे गेली.

त्याच टेबलावर समोर दुआर्त बसला होता. पन्नाशीचा, चष्मा, दाढी, नगरपालिकेच्या वाचनालयाचा माणूस. त्याला इंग्रजी चांगलं येत होतं. आम्ही भारतातून आलो म्हटल्यावर तो हसायला लागला. म्हणाला, आमच्या गावाचं भारताशी जुनं नातं आहे, एकदा भारताने आम्हाला शहर केलं होतं.

मी अननसाची फोड खाली ठेवली.

त्याने सगळी गोष्ट सांगितली. पुण्यातल्या त्या खोलीतली तिची दुसरी बाजू मी एकवीस वर्षं मनात धरून होते, त्यामुळे एकेक वाक्य मला चटके देत होतं आणि तो मात्र मजेत सांगत होता. झेंडा उत्सवाच्या आदल्या दिवशी बोटीने आला. घाईत चढवला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बेटावरचा एक पाहुणा वर बघून म्हणाला की तुम्ही शहर कधी झालात? झालं. पुढचे चार दिवस गावात दुसरा विषय नव्हता. बेकरीवाल्याने पाटीवर ‘शहर बेकरी’ असं खडूने लिहिलं. म्हातारे एकमेकांना शहरवासी म्हणून हाका मारायला लागले. कोणी गाय आडवी घातली की लोक म्हणायचे, शहरात असं चालणार नाही. नगराध्यक्ष संतापले होते, पण बँडने तो झेंडा मागून घेतला. दुआर्तचे वडील त्या बँडमध्ये ढोल वाजवायचे. बँडने कित्येक वर्षं तो आपल्या हॉलमध्ये टांगला आणि वडील वारल्यावर दुआर्तने तो वाचनालयात आणून काचेच्या पेटीत ठेवला.

टेबलावरचे सगळे हसत होते, दोना लुर्देसही. मीही हसले. आणि हसता हसता मला रडू आलं, ते थांबेना. चार दिवस एका गावाची करमणूक झाली, आणि तेवढ्यासाठी त्या मुलीची नोकरी गेली.

घरी जाताना मुक्ताने विचारलं. बंदराच्या भिंतीवर बसून मी तिला सगळं सांगितलं. ती नववीत होती, तिच्या वह्या-पुस्तकांचा विचार मनात होता, असं काहीतरी मी मध्ये घालत होते. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, “माझं नाव मध्ये नको घालूस, आई. तू घाबरलीस एवढंच सांग.”

खरं होतं. मी घाबरले होते.

तिसरा दिवस

सकाळी अकराला दुआर्तने वाचनालय उघडलं. पेटी वरच्या मजल्यावर, जिन्याशेजारी होती. पिवळं कापड फिकटलं होतं, पण भरतकाम जसंच्या तसं. माझा पाचवा बुरूज मधोमध, ऐटीत. ससाण्याचे पंख मात्र मला बघवेनात. सगळी पिसं एकाच दिशेच्या टाक्यांनी भरलेली, सपाट. तेव्हा मला घाई असायची.

पेटीत एक छोटं कार्ड होतं. मुक्ताने वाचून दाखवलं: आपण शहर होतो तेव्हाचा झेंडा. कारागीर अज्ञात, भारत.

मी आदल्या दिवशी रडले त्यावरून दुआर्तला अंदाज आला असावा. त्याने सरळच विचारलं की तुम्ही ओळखता का तो कारागीर? नाव मिळालं तर मी कार्ड बदलेन, हे गावाला हवं आहे.

एकवीस वर्षांपूर्वी शरदरावांनी विचारलेलाच हा प्रश्न होता. फरक इतकाच की आता उत्तर देणाऱ्याला शाबासकी मिळणार होती. माझं नाव सांगावं, तर चुकीची शिक्षा तिने भोगली आणि कौतुक मी घेणार. तिचं सांगावं, तर तिने न केलेली चूक मी पुन्हा तिच्याच माथी मारणार, तीही काचेत बसवून. मी दुआर्तला थोडं थांबायला सांगितलं.

तेवढ्यात तो कपाटातून नवा झेंडा घेऊन आला. समुद्राच्या वाऱ्याने दर दोन वर्षांनी झेंडा फाटतो, म्हणाला, म्हणून एक जादा ठेवतो. सगळे झेंडे त्याच दुरुस्त केलेल्या फाइलवरून करतात. त्याने तो टेबलावर पसरला. चार बुरूज. आणि ससाणा. प्रत्येक पिसाचा टाका वेगळ्या दिशेने वळवलेला, त्यामुळे उजेड पडला की पंख हलल्यासारखे दिसत होते. नोकरी जाणार हे ठरल्यावर, शेवटच्या चार दिवसांत, कोणी सांगितलेलं नसताना तिने ते पंख असे केले होते. मी त्या टाक्यांवरून बोट फिरवलं आणि मुक्ताला म्हटलं, फोन लाव.

अकोल्यात दुपारचे साडेचार होऊन गेले होते. मुक्ताने व्हिडिओ कॉल लावला. शैला दुकानात होती, मागे युनिफॉर्मचे गठ्ठे, केस अर्धे पांढरे, कपाळावर चष्मा. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही. कुठून बोलताय, तिने विचारलं. मी गावाचं नाव सांगितलं. 

मी आधी तिला टेबलावरचा झेंडा दाखवला. तिने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि फोन डावीकडे घ्या, खाली घ्या, असं करत सगळा तपासला. लाटांच्या कडेचा टाका जरा सैल पडलाय, मशीनवाल्याने ताण बरोबर धरला नाही, असं म्हणाली. मग मी फोन घेऊन बाहेर चौकात गेले आणि वर काठीवरचा दाखवला. तो भन्नाट फडफडत होता. एक क्षण उलगडायचा, एक क्षण गुंडाळायचा. ती बराच वेळ बघत राहिली.

“एवढी वर्षं हाच लावतात?” तिने विचारलं.

“हाच. फाटला की पुन्हा तुझ्याच फाइलवरून करतात.”

मग मी बोलले. पाठ केलेलं काही आठवलं नाही. मी म्हटलं की शैला, माझं चुकलं, बुरूज मी घातला आणि तोंड तू उघडलंस. मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी घाबरले.

ती म्हणाली, “त्या दिवशी नाही बोललात त्याचं मला काही नाही, ताई. तुमचं घर मला माहीत होतं. पण दुसऱ्या दिवशी बोलाल असं वाटलं. मग वाटलं, परवा. शनिवारपर्यंत वाट पाहिली जी मी.”

 ती चार दिवस माझ्या शेजारी बसून ते पंख भरत होती आणि मी तिच्या स्क्रीनकडे मान वळवली नव्हती.

थोड्या वेळाने मी तिला कार्डाचं सांगितलं. पेटीतल्या झेंड्यावर नाव हवं आहे, काय लिहू?

“तुमचं लिहा,” ती म्हणाली. “तुम्ही केला, तुमचंच नाव. मी एकदा घेतलं माझ्यावर, आता परत नाही घेणार.” मग म्हणाली, “आणि वरच्या झेंड्याला कार्ड नाही का?”

मी मागोमाग बाहेर आलेल्या दुआर्तला विचारलं. काठीवरच्या झेंड्याला कार्ड कसं लावणार, असं त्याने हसत विचारलं. पण मुक्ताने त्याला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं आणि तो हसायचा थांबला. आत गेला आणि दोन कोरी कार्डं घेऊन आला. जादा झेंडाही पेटीत ठेवू, म्हणाला, जुन्याच्या बाजूला. दोन्ही बघू देत लोकांना. तुमच्या लिपीत लिहा, खाली आमच्या भाषेत मी लिहितो.

शैलाला तसं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “पूर्ण लिहा. शैला वानखडे, अकोला. पुणे नाही लिहायचं.” दुकानात गिऱ्हाईक आलं होतं, तिने फोन ठेवला.

मी वाचनालयाच्या टेबलाशी बसले. पहिल्या कार्डावर लिहिलं: सुनंदा पेंडसे, पुणे. पाचवा बुरूज मी घातला. दुसऱ्यावर लिहिलं: शैला वानखडे, अकोला. हा झेंडा हिने केला, तो बरोबर आहे. अक्षर वाचण्यासारखं आलं. दुआर्तने खाली पोर्तुगीजमध्ये लिहिलं, पेटी उघडली, दोन्ही झेंडे शेजारी शेजारी मांडले आणि कार्डं लावली. मी फोटो काढून शैलाला पाठवला आणि आम्ही जिना उतरलो. तिचं उत्तर येईल असं मी धरून चालले नव्हते.

चौक ओलांडून होण्याआधी फोन वाजला. तिने लिहिलं होतं: माझं कार्ड तिरकं लागलंय.

मी तिथेच मागे वळले. दुआर्त कुलूप लावून जेवायला निघाला होता. त्याला थांबवलं, पुन्हा वर नेलं, पेटी उघडायला लावली. कार्ड खरंच तिरकं होतं, नखाएवढं. दुआर्तला दिसेना, मुक्तालाही दिसेना. मी ते स्वतःच्या हाताने सरळ केलं, पट्टी लावून तपासलं आणि परत फोटो पाठवला. आम्ही तिघं त्या पेटीसमोर उभे राहिलो. मी फोनकडे बघत होते आणि दुआर्त बिचारा उपाशी होता.

दोन शब्द आले. “आता ठीक.”